सासूबाईंचा साचा

कोंडीरामने खुर्ची करायची ठरवली ती निव्वळ इरेला पेटून. भोसरीच्या ज्या छोट्या कारखान्यात तो साच्यातून टेम्पोचे फायबरचे मडगार्ड काढायचा, तिथे एक दिवस मुंबईहून जयसिंग नावाचे डिझायनरसाहेब आले होते. साल अठ्ठ्याहत्तर, साहेबांचे केस मानेवर, पँट खाली झाडूसारखी पसरलेली. पुण्याच्या प्रदर्शनासाठी त्यांना नव्या तऱ्हेची खुर्ची हवी होती. त्यांनी बारा कागद रंगवले आणि बाराही फाडले.

“खुर्चीला माणसाचा आकार हवा, कोंडीराम. तोच सापडत नाही.”

त्यात काय सापडायचंय? कोंडीरामच्या घरात आकारांना तोटा नव्हता. साहेबांच्या आधी आपणच खुर्ची काढायची आणि प्रदर्शनातल्या पाटीवर आपलं नाव लावायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

रविवारी दिघीच्या खोलीत त्याने मोठं खोकं मांडलं आणि त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं. आता बसायला कोण? बायको सरू धुणं टाकून येईना. राहिल्या तिच्या आई, सोजरबाई. पारनेरहून लेकीकडे आलेल्या, आणि एकदा बसल्या की तासभर हलत नसत. (हा गुण आहे हे कोंडीरामला त्या दिवशी प्रथमच कळलं.)

“मामी, जरा ह्यात टेका. तुमच्या मापाची खुर्ची करतोय.”

“माज्यासाठी?” सोजरबाईंना गहिवरून आलं. “बारा वर्सांत पैल्यांदाच काय तरी केलंत, जावईबापू!” आणि त्या नऊवारीसकट ऐसपैस टेकल्या.

साच्याला मेण फासल्याशिवाय माल सुटत नाही, हे कोंडीराम नव्या कामगारांना रोज ओरडून सांगायचा. पण सासूला मेण फासणार कसं?

आधी सोजरबाई म्हणाल्या, “ग्वाड गार वाटतंय.” मग प्लास्टर आळता आळता तापलं तशा म्हणाल्या, “ऊन लागाया लागलं.” आणि मग, “आगं सरू, चुलीवर बशिवलं गं ह्यानं मला!” त्या ताडकन उठल्या, तर खोकंही उठलं.

सरू धावत आली. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं.

“आई, अंग सैल सोड!”

“म्या सोडलंय, ह्यो खोका मला सोडंना!”

शेवटी सरूने कोंडीरामला बाहेर हाकललं, कात्री घेतली आणि आई सोडवली. लुगडं निम्मं प्लास्टरमध्येच राहिलं. सोजरबाईंनी जावयाशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी कोंडीरामने चिंध्या उपटल्या. बघतो तर प्लास्टरवर लुगड्याची चुणी न् चुणी उमटलेली! माल वाया घालवणं जिवावर आलं. त्याने तसाच साचा धरून मडगार्डच्या उरलेल्या लाल रंगात खुर्ची काढली आणि गोणपाटात गुंडाळून कंपनीत नेली.

जयसिंग साहेबांनी खुर्चीवरून हलकेच बोटं फिरवली.

“ह्या चुण्या! जसं काही कापडच गोठलंय! कोंडीराम, हे सुचलं कसं?”

“घरच्यांनी... सहकार्य केलं, साहेब.”

“आणि आकार कुणाचा?”

“सासूबाईंचा,” कोंडीराम बोलून गेला आणि तिथेच घात झाला.

प्रदर्शनात खुर्चीवर पाटी लागली, ‘सोजर’. खाली बारीक अक्षरांत जयसिंग साहेबांचं नाव. सोजरबाई कंपनीने घेतलेलं नवं लुगडं नेसून खुर्चीत अशा बसल्या, जणू सरपंचच. खुर्ची डुगडुगत होती म्हणून कोंडीरामला मागे उकिडवं बसवून ती धरायला लावली.

पेपरात फोटो आला. सरूने तो चौकटीत बसवला आणि शेजारणींना कौतुकाने दाखवला, “ही आई. आणि ही कडेला चार बोटं दिसतात ना, ती आमच्या ह्यांची.”

सोजरबाईंनी अबोला मोडला तो तेव्हाच.

“बोटं तेवढी कापून टाका म्हनलं व्हतं म्या,” त्या म्हणाल्या, “पन फोटोवाल्यानं ऐकलंच न्हाई.”