'पुढे' दाबलं की आक्सेल

आक्सेलला पुरून मंडळी सभागृहात कॉफीला बसली, तेव्हा दाग्नीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. नवऱ्यासाठी रडायला सवड कुठे होती? समोर नणंद बसली होती. 'माझ्या भावाला या बाईच्या घरात कधी धड कॉफी मिळाली नाही,' असं सगळ्या लेम्विग गावाला जन्मभर ऐकवणारी गेर्दा. आज एक चमचा वाकडा पडला असता, तरी तिने तो गावभर मिरवला असता.

"आज माझी लाज राख बाई," दाग्नीने लेकीला, सिसेलला, सकाळीच बजावलं होतं.

सिसेल नगरपालिकेत कामाला. तिने सगळा कार्यक्रम पडद्यावर दाखवायला एकाच फाइलमध्ये बसवला होता. प्रत्येक पानाखाली 'पुढे' असं बटण, दाबलं की नेमकं हवं ते पान हजर. फक्त नवी फाइल करायचा तिला कंटाळा आला. बापाच्या सत्तरीच्या मेजवानीची जुनी पडून होती, तिच्यातच तिने शोकगीत घुसवलं. पानं घातली, पण बटणं कुठे नेतात ते बघायचं राहिलं.

पाद्रीबुवा बोलून खाली बसले. सिसेलने 'पुढे' दाबलं. पडद्यावर आक्सेल उगवला, डोक्यावर कागदी मुकुट, जीभ बाहेर.

"हे काय गं?" दाग्नी दात आवळून म्हणाली.

"थांब ना आई!" सिसेलने घाईघाईने पुन्हा दाबलं. आता सत्तरीचं गाणं आलं, घरीच रचलेलं, आक्सेलच्या घोरण्यावरचं. चाल सगळ्यांना पाठ. पियानोवाल्या म्हाताऱ्याने पडद्याकडे बघून सूर धरला, आणि या गावात सूर धरला की तोंडं आपोआप उघडतात. काळ्या कपड्यांतली माणसं डोळे पुसत पुसत घोरण्याची कडवी गाऊ लागली.

"बंद कर ते!"

"मधेच कसं करू? सगळे गातायत!"

शेवटची ओळ होती, 'आक्सेल शंभर वर्षं जगो!' सवयीने सगळे उठले आणि रिवाजाची तीन 'हुर्रे' ओरडू लागले. तिसरं हुर्रे घशातच अडकलं.

कोणी कप उचलेना. गेर्दा उठून जवळ आली. दाग्नीने मान ताठ केली.

"बोला वन्सं. उरलंसुरलं आजच बोलून घ्या."

गेर्दाचा चेहरा ओला होता. "वहिनी, लहानपणीही असाच घोरायचा गं. भिंतीपलीकडून ऐकू यायचं." मग नाक पुसत म्हणाली, "कॉफी मात्र पाणचटच आहे तुझी."

घरी आल्यावर सिसेल रडवेली झाली. "चुकलंच माझं, आई. दे इकडे, बटणं नीट करते."

"हात लावून तर बघ!"

दाग्नीने लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. घर नको इतकं गप्प होतं. तिने 'पुढे' दाबलं. मुकुट. पुन्हा दाबलं. गाणं. पुन्हा दाबलं, तर परत मुकुट आणि ती जीभ. त्या फाइलीत आक्सेलला सोडून पुढे जायला वाटच नव्हती.

मग कुठे तिला रडायला सवड मिळाली.