अर्धं शटर

केतनशेठच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गाळ्याला जे नवं शटर बसलं होतं, त्याला पूर्ण वर जाता येई आणि पूर्ण खाली येता येई. मधलं त्याला काही ठाऊक नव्हतं. आणि आज सकाळपासून बर्नार्डला ते नेमकं मध्येच हवं होतं.

कारण काशीराम गेला होता. आदल्या रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. गाळ्यातला सगळ्यात जुना माथाडी काशीराम आणि सगळ्यात जुना स्टोअरकीपर बर्नार्ड यांची दोस्ती इतकी मुरलेली होती, की बर्नार्डच्या घरची बोंबलाची चटणी आधी काशीरामच्या भाकरीवर पडे आणि मग बर्नार्डच्या. आज सकाळी बायकोने, मार्सेलिनाने, सवयीने डब्यात जास्तीची चटणी भरली, आणि बर्नार्डने ती काढून ठेव म्हटलं नाही. त्याच्याने ते म्हणवलंच नाही.

साकीनाक्याच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एक रीत होती. इथलं कुणी गेलं, की त्याची गाडी स्मशानात जाण्याआधी गल्लीत येई, त्याच्या गाळ्यासमोर घटकाभर थांबे, आणि गल्लीतली सगळी शटरं अर्धी खाली येत. पहिला मान त्याच्या स्वतःच्या गाळ्याचा. ते शटर उतरलं की बाकीची उतरत, ते चढलं की बाकीची चढत. आणि इतकी वर्षं कुणाच्याही मयताला शटर अर्ध्यावर आणायला बोलावणं येई ते काशीरामला. लोखंडी आकडी अडकवून तो ते अवजड धूड असं अलगद उतरवी, की आवाज म्हणून होत नसे. मयताच्या वेळी शटर खडखडलं तर त्याला दिवसभर जेवण जात नसे.

दोन वर्षांपूर्वी चहावाला धाकू गेला, तेव्हाही काशीरामनेच आपल्या गाळ्याचं शटर अर्ध्यावर आणलं. पण आतली स्प्रिंग गंजलेली होती. ती तुटली आणि अख्खं शटर काशीरामच्या खांद्यावर आलं. तो वाचला, पण हात पुन्हा खांद्याच्या वर काही गेला नाही. केतनशेठ इतका हादरला की महिन्याच्या आत मोटरचं शटर बसवून मोकळा झाला. त्या शटराच्या खालच्या बाजूला एक डोळा होता. मध्ये कुणी उभं असेल तर तो डोळा बघे आणि शटर उलटं वर जाई. बसवणाऱ्या मेकॅनिकने बजावून सांगितलं होतं, की अर्धवट लटकणारं शटरच माणसं मारतं, म्हणून हे लटकणार नाही. मध्ये थांबवलंच, तर अर्ध्या मिनिटात टीं टीं करून आपण होऊन वर जाईल.

एकच हात धड राहिलेल्या काशीरामला मग बटणाचं काम मिळालं. पण त्याचा ना मोटरवर विश्वास होता, ना डोळ्यावर. शटर हललं रे हललं की तो गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडे, "वर बघ रे मेल्या!" हे तो हमालांना ओरडे, टेम्पोवाल्यांना ओरडे, एकदा तर तपासणीला आलेल्या सरकारी साहेबाला ओरडला. केतनशेठला मात्र तो 'मेल्या' गाळून ओरडे.

एकदा जेवताना शटराकडे बघत तो म्हणाला होता, "माझ्या टायमाक ह्या अर्ध्यार कोण थांबवतलो रे?"

"मी थांबवीन," बर्नार्ड म्हणाला होता. "तू आधी मर तर खरा."

दोघे ठसका लागेपर्यंत हसले होते. 

गाडी असल्फ्याहून निघाली, असा काशीरामच्या मुलाचा, कृणालचा फोन ऑफिसातल्या दिपालीला आला आणि बर्नार्ड बटणापाशी जाऊन उभा राहिला. त्याचा बेत साधा होता. गाडी गल्लीत वळली की शटर खाली घ्यायचं, अर्ध्यावर थांबवायचं. अर्धं मिनिट तर अर्धं मिनिट. तालीम म्हणून त्याने बटण दाबलं. शटर थोडं खाली आलं आणि परत वर गेलं. केतनशेठ भला मोठा हार घेऊन बरोबर दारात उभा होता. त्याला बाजूला केलं, तर तिथे शेजारच्या गाळ्यातली माणसं येऊन उभी राहिली. त्यांना हलवलं, तर केतनशेठ परत आला. दुःखात माणसाला दारातच का उभं राहावंसं वाटतं कोण जाणे. शेवटी बर्नार्डने भिंतीवरची पेटी उघडली आणि डोळ्याची कळ बंद केली. एवढ्यापुरतीच, असं त्याने मनाला बजावलं. काशीरामने बघितलं असतं तर आकडी घेऊन मागे लागला असता.

"अंकल, सिग्नलला आलेत, दोन मिनिटांत पोचतील म्हणतायत," दिपालीने सांगितलं.

बर्नार्डने शटर खाली घेतलं आणि अर्ध्यावर थांबवलं. ते टेम्पो जाईल एवढं उंच असल्यामुळे त्याचं अर्धं म्हणजे माणसाच्या डोक्याच्या थोडं वर. ते थांबलेलं बघून समोरचं शटर उतरलं, मग शेजारचं, मग रीतीप्रमाणे गल्लीतली सगळी. माणसांनी हात जोडले. गाडी आली नाही. अर्ध्या मिनिटाने टीं टीं झालं, शटर वर गेलं, आणि खडखडखड करत सगळी गल्ली वर गेली.

सिग्नलच्या पुढे रस्ता खणलेला होता. कृणाल दर फोनला आलोच म्हणत होता, बर्नार्ड दर फोनला शटर उतरवत होता, आणि सगळी इस्टेट उठाबशा काढत होती. कितव्यांदा तरी हात जोडून झाल्यावर शेजारच्या गाळ्यातल्या खंडूने जवळ येऊन हळूच विचारलं, "अंकल, नक्की किती जण गेले?"

बर्नार्डला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं. असला प्रश्न त्याने काशीरामला सांगितला असता, तर काशीराम आठवडाभर पुरवून पुरवून हसला असता.

मग त्याला सुचलं. शटर अर्ध्यावर आलं, तेव्हा त्याने सरळ मेन स्विच पाडला. लाइट नाही तर टीं टीं नाही, आणि वर जाणं नाही. शटर जागच्या जागी राहिलं. अर्धं मिनिट गेलं, आणखी गेलं. गल्लीतली शटरंही त्याच्यासोबत निमूट थांबली. बर्नार्डने छातीवर क्रूस केला आणि मनातल्या मनात म्हणाला, बघ, आणलं की नाही.

"अंकल," दिपाली म्हणाली, "गाडी गेटवर आलीये. पण गेटचा दांडा वर जात नाहीये."

बर्नार्डने केतनशेठकडे बघितलं. इस्टेटीच्या गेटवरचा तो विजेचा दांडा केतनशेठने वडिलांच्या स्मरणार्थ दिला होता. त्यावर वडिलांचं नावही होतं.

"तो आपल्याच मीटरवर आहे ना," केतनशेठ खालच्या आवाजात म्हणाला.

म्हणजे शटर अर्ध्यावर ठेवलं तर काशीराम बाहेर, आणि काशीरामला आत घेतलं तर शटर वर. बर्नार्ड क्षणभर स्विचवर हात ठेवून उभा राहिला. मित्राला एक शब्द दिला होता, तोही हसत हसत, आणि तेवढाही निभत नव्हता. त्याने स्विच वर केला. गेटवर दांडा उठला. इकडे टीं टीं करत शटर पार वर जाऊन बसलं.

या खेपेला गल्ली मात्र फसली नाही. गाडी वळताना सगळ्यांना दिसली होती. सगळी शटरं अर्ध्यावरच राहिली आणि एकट्या काशीरामच्या गाळ्याचं शटर सताड उघडं. बर्नार्डला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी समोर येऊन थांबताच त्याने घाईघाईने परत बटण दाबलं. शटर सावकाश खाली यायला लागलं.

आता गाडी घटकाभर थांबेल आणि पुढे जाईल, अशीच सगळ्यांची कल्पना होती. पण काशीरामच्या बायकोने, सखुबाईने, आयत्या वेळी हट्ट धरला. आयुष्य जिथे काढलं तिथे त्याला आतून एकदा फिरवून आणा. कृणालने आणि तीन भाच्यांनी तिरडी खांद्यावर घेतली आणि ते थेट गाळ्याकडे चालू लागले. मयत नेणारी माणसं खाली बघून चालतात. तशीच ती चालली होती. आजूबाजूचे हात जोडून, मान घालून उभे होते. शटर खाली येत होतं. त्याचा डोळा बंद होता, आणि तो कुणी बंद केला होता हे एकट्या बर्नार्डला माहीत होतं.

त्याने थांबायचं बटण दाबलं, पण घाईत बोट बाजूला पडलं. आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याने ठरवून काढलं नव्हतं.

"वर बघ रे मेल्या!"

अख्खी गल्ली दचकली. चौघांनी एकदम माना वर केल्या आणि तिरडीसकट मागे सरकले. तेवढ्यात बर्नार्डचं बोट बटणावर नीट बसलं. शटर थांबलं. तिरडीच्या वीतभर पुढे आणि हातभर वर, बरोबर अर्ध्यावर.

काशीराम आपल्या गाळ्याच्या दारात, चार खांद्यांवर, अर्ध्या शटरासमोर अर्धं मिनिट थांबला. मग टीं टीं झालं, शटर आपण होऊन वर गेलं, आणि त्याला वाकवावं न लागता सगळ्यांनी आत नेलं. खोक्यांच्या थप्प्यांमधून, वजनकाट्यावरून, जेवायच्या बाकड्यापर्यंत. त्या बाकड्यावर बर्नार्डचा डबा होता.

बर्नार्ड मात्र भिंतीला टेकून उभा होता. आपण मयताच्या तोंडावर काय ओरडलो, हे आत्ता कुठे त्याच्या ध्यानात येत होतं. सखुबाई त्याच्यापाशी आली तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना.

"वैनी, माफ करा. माझ्या तोंडातून..."

सखुबाईने पदर तोंडाला लावला होता. पदराआड ती रडत होती की हसत होती, ते समजायला वेळ लागला.

"अगदी तेचोच आवाज रे बर्नार्ड," ती म्हणाली. "माका वाटला, तो उठलो."

ती आत गेली. बर्नार्ड तिथेच मनसोक्त रडला. मग डोळे पुसून त्याने पेटी उघडली आणि शटराच्या डोळ्याची कळ चालू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला टेम्पो आला तेव्हा बटणापाशी तोच उभा होता. शटर हललं, आणि तो गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला.