बाबांची फुंकर

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या लेकीने कॉलेजातून श्वासाचा जोर मोजायची नळी घरी आणली आणि पहिली फुंकर मारायचा मान बाबांना दिला.

बाबा शहराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. जन्म मागच्या रांगेत गेला होता. येत्या रविवारी मात्र बागेतल्या कार्यक्रमात एकट्याने उभं राहून वाजवायचं होतं. कोटाची बटणं त्यांनी स्वतःच घट्ट करून घेतली होती.

त्यांनी नळी दोन्ही हातांत धरली, पाठ ताठ केली, डोळे मिटून फुंकलं. काटा जेमतेम हलला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. मग आईने हात पुसून नळी घेतली. प्राथमिक शाळेतला अख्खा वर्ग एका हाकेत गप्प करणारी ती बाई. काटा टोकाला जाऊन आपटला.

"हे कळायला यंत्र कशाला हवं होतं?" बाबा पुटपुटले.

लेक मात्र हसली नाही. दीर्घकाळच्या फुप्फुसविकाराचा धडा तिला नुकताच तोंडपाठ झाला होता, आणि जो धडा पाठ होई तो रोग तिला घरात सापडे. मूत्रपिंडाच्या धड्यात आई सापडली होती. थायरॉइडच्या धड्यात खालच्या मजल्यावरचे, घड्याळं दुरुस्त करणारे काका सापडले होते.

"बाबा, सकाळी खोकता ना?"

"घसा साफ करतो गं."

"म्हणजे खोकता. जिना चढताना धाप लागते?"

"एका हातात ट्रम्पेटची पेटी, दुसऱ्या हातात तुझ्या आईची भाजी..."

"म्हणजे लागते. आई, यांची छाती पिंपासारखी फुगलेली वाटते का?"

"ती लग्नाच्या दिवसापासून फुगलेलीच आहे."

"आणि ओठ आवळून श्वास सोडतात!"

"अगं, तो माझा धंदा आहे!" बाबा ओरडले.

आईने थट्टा केली खरी, पण संध्याकाळी ट्रम्पेट कपाटात गेला आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

"रविवारचं वाजवणं बंद. जीव मोठा की धून मोठी?"

"अगं, एवढी वर्षं मागच्या रांगेत..." बाबांचा गळा दाटून आला.

"बघ, आवाजही बसतोय," लेक म्हणाली.

बातमी जिन्यावरून खाली उतरली. ज्यांच्या डोक्यावर बाबांचा रोजचा सराव चाले, ते घड्याळकाका रोज फळं घेऊन येऊ लागले. "घाई करू नका हो. फुप्फुस म्हणजे नाजूक काम. आराम म्हणजे आराम!" बँडमास्तरांच्याही कानावर गेलं. त्यांचा निरोप आला: डॉक्टरांनी हो म्हटलं तर ठीक, नाहीतर धून दुसरा कुणी वाजवील.

त्या निरोपानंतर बाबा जेवेनात. शेवटी लेकच त्यांना घेऊन कॉलेजातल्या डॉक्टरबाईंकडे गेली.

"फुंका," बाई म्हणाल्या आणि बघत राहिल्या. "अहो, तुमची बोटं कुठे आहेत?"

उजव्या हाताची तीन बोटं थेट काट्याच्या खाचेवर होती. ट्रम्पेटच्या कळा दाबाव्यात तशी.

"सवय हो," बाबा ओशाळले.

"आणि श्वास असा पुरवून पुरवून का सोडता?"

"ओळ संपेपर्यंत पुरवावा लागतो. एकदम उधळला तर बँडमास्तर हाकलून देतील."

"इथे उधळा."

बोटं बाजूला झाली, बाबांनी श्वास उधळला आणि काटा टोकाला जाऊन आपटला. बाईंनी मोठ्या यंत्रावरही तपासलं. फुप्फुसं ठणठणीत.

"धडा चोख पाठ आहे तुझा," बाई लेकीला म्हणाल्या. "पण हा रोग अशा नळीवर ठरवत नाहीत. आणि पुढच्या वेळी काट्याबरोबर पेशंटकडेही बघ."

रविवारी बाबांनी बागेत असं वाजवलं की आईच पहिली उभी राहिली. संध्याकाळी घरी आल्यावरही त्यांचं मन भरेना. खिडकीशी उभं राहून तीच धून पुन्हा, आणि मग पुन्हा.

दारावर थाप पडली. घड्याळकाका होते. आज हातात फळं नव्हती, कानात मात्र कापसाचे बोळे होते.

"बाळ," ते लेकीला हळूच म्हणाले, "ती नळी आहे ना अजून? बाबांना एकदा पुन्हा तपासून घे. मोठी यंत्रंसुद्धा चुकतात गं, जन्मभर तेच बघत आलोय मी."