अंगठ्याचं काम

नळदुरुस्ती खात्यातल्या हेडक्लार्कांनी आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि तीही अवघ्या एका शब्दाची. त्यांचे सासरे निवृत्त स्टेशनमास्तर. अकरा वर्षं ते जावयाशी फक्त हवेविषयी बोलत आले होते. त्या दिवशी मात्र जेवता जेवता त्यांनी विचारलं, "गळ टाकता का कधी?"

"टाकतो," हेडक्लार्क म्हणाले. (बायकोला ठसका लागला.)

उशिराची गाडी अचानक वेळेवर यावी तसा सासऱ्यांचा चेहरा उजळला. येत्या रविवारी तळ्यावर जायचं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्क दुकानात हजर. दुकानदाराने आधी रीळ खाली लटकणारा स्पिनिंग रॉड दाखवला. तारेची कमान उघडायची, दोरा बोटावर धरायचा, रॉड पुढे आला की सोडायचा. नवशिक्यांना हाच बरा, असंही तो म्हणाला. झालं. 'नवशिक्या' हा शब्द हेडक्लार्कांना झोंबला. त्यांनी रीळ वर बसवलेल्या बेटकास्टिंग रॉडकडे बोट दाखवलं.

"याला अंगठा लागतो, साहेब."

"मला दोन आहेत."

घरी आल्यावर हा अंगठ्याचा मुद्दा गच्चीत उलगडला. खरं म्हणजे गुंतला. फेकताना अंगठा रिळावर हलका टेकून ठेवायचा आणि दोऱ्याच्या टोकाचं वजन खाली पडायच्या आत दाबायचा. नाहीतर दोरा थांबतो, रीळ फिरतच राहतं आणि त्यावर चिमणीने हक्क सांगावा असं दोऱ्याचं घरटं तयार होतं. हेडक्लार्कांनी संध्याकाळभरात सात घरटी बांधली. आठवं सुरू असताना बायको हेअरपिनने पहिलं सोडवत होती. शेवटी ती उठली, दुकानात गेली आणि तो नवशिक्यांचा रॉड घेऊन आली. घरात एकाला तरी यायला हवं, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या फेकीला तिने सरावाचं रबरी वजन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या बादलीत टाकलं. हेडक्लार्कांनी वाऱ्याची दिशा अनुकूल असल्याचं मत नोंदवलं.

रविवारी तळं आरशासारखं होतं. सासरे नवी टोपी घालून जावयाच्या मागे उभे राहिले. अंगठा कसा धरतात ते त्यांना जवळून बघायचं होतं. हेडक्लार्कांनी मनातल्या मनात सगळ्याची उजळणी केली, रॉड मागे नेला आणि जीव खाऊन पुढे झटकला.

आयुष्यातली त्यांची ही पहिलीच निर्दोष फेक. रीळ गुणगुणलं, अंगठा हवा तेवढाच टेकला, दोरा सुंदर कमान करत तळ्याच्या मध्याकडे झेपावला. 'जमलं,' ते पुटपुटले. मग त्यांना दिसलं की गळ टोपीसकट गेला होता.

मागे वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही. अंगठा मात्र घाबरून उठला, आणि नववं घरटं तयार झालं. त्यांनी हिसका दिला. दोरा तुटला. टोपी निवांतपणे पलीकडच्या काठाकडे निघाली.

"बाबा, जरा बाजूला व्हा," बायको म्हणाली. तिने कमान उघडली, दोरा बोटावर घेतला, आणि रॉड समोर येताच सोडला. गळ टोपीच्या पलीकडे टप्पकन पडला. हँडल फिरवत तिने तो टोपीवरून अलगद ओढला, टोपी अडकवली आणि काठाला आणली. पुढच्या फेकीत तिने वीतभर मासाही पकडला.

सासऱ्यांनी टोपी पिळली. मग लेकीकडे वळले. तिला आपण कधी सोबत का नेलं नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. परतताना गाडीत ते कधी नव्हे इतके बोलले, सगळं तिच्याशी. मागच्या सीटवर हेडक्लार्क मांडीवर घरटं घेऊन बसले होते. इतकं होऊनही त्यांना बरं वाटत होतं. बायको लहान मुलीसारखी हसत होती.

शनिवारी सासऱ्यांचा फोन आला. उद्या पुन्हा तळ्यावर जायचंय, लेकीला तयार राहायला सांगा, म्हणाले. हेडक्लार्क चाचरत म्हणाले, "मी पण येऊ?"

पलीकडून हिरवा कंदील मिळाला.

"या की. गाडी सावलीत लावायला कुणीतरी लागतंच."

सोमवारी हेडक्लार्कांनी सगळ्या ऑफिसात सांगितलं, की तळ्यावर सासऱ्यांचं आपल्यावाचून पान हलत नाही.