पाणटिवळीचं घरटं

वोब्बेने मागे कापणीयंत्र जोडलेला ट्रॅक्टर कुरणात शंभर पावलं नेला आणि करकचून ब्रेक मारला. काठ्या कुठेच दिसत नव्हत्या.

पाणटिवळा हा पक्षी मे महिन्यात नेदरलँड्समधल्या आमच्या फ्रीसलँडच्या ओल्या कुरणांत घरटं करतो, तेही जमिनीवर, उंच गवतात. निवृत्त येल्मर मास्तर घरट्याच्या दोन बाजूंना बांबूच्या काठ्या रोवून जातात आणि शेतकरी तेवढा तुकडा सोडून गवत कापतो. गेल्या वर्षी वोब्बेच्या यंत्राखाली एक घरटं गेलं, तेव्हा बायको बाउक्ये त्याच्याशी आठ दिवस बोलली नव्हती. आणि आज कापलं नाही तर उद्याच्या पावसात सगळं गवत आडवं होणार होतं. गाईंच्या हिवाळ्याची बेगमीच ती. डोक्यावर लांब तंगड्यांचा नर पाणटिवळा किंचाळत घिरट्या घालत होता. वोब्बेने मास्तरांना फोन करून बोलावलं.

"गृहपाठ राहिला की मला कोपऱ्यात उभं करायचात ना मास्तर? आज तुम्ही कुठल्या कोपऱ्यात उभे राहताय?"

"मी दोन काठ्या रोवल्या होत्या. स्वतःच्या हाताने."

"मग काय गिळल्या त्या पाखराने?"

"तोंड आवर आणि घरटं शोध."

वोब्बे तरातरा नराच्या मागे निघाला.

"तिकडे नाही रे. तो ओरडतो तिथं घरटं नसतंच. तुला लांब न्यायला ओरडतोय तो. मादी बसलेली असते गप्प, डोक्यावर गवत ओढून."

तासभर दोघं गवत चाचपत फिरले. वोब्बेने मास्तरांच्या चष्म्याला, सरकारला आणि पाणटिवळ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. बाउक्ये कॉफी घेऊन आली आणि बराच वेळ ऐकत उभी राहिली.

"वोब्बे, रविवारी तू मला घेवड्याच्या वेलांना काठ्या आणून दिल्यास. त्या कुठल्या?"

गेल्या वर्षीच्या राहिल्यात असं समजून त्यानेच त्या उपटल्या होत्या. त्याचे कान लाल झाले.

"कुठून उपटल्यास?" मास्तरांनी विचारलं.

वोब्बेचं बोट कुरणभर फिरलं आणि ट्रॅक्टरपाशी थांबलं. तिघं वाकले. चाकांच्या मधोमध मादी बसली होती. ती हललीसुद्धा नाही.

"पिल्लं बाहेर यायला अजून दहा-बारा दिवस," मास्तर म्हणाले. "ट्रॅक्टरला हात लावायचा नाही."

"आणि माझं गवत? शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मागावा तर सगळे आज आपापलंच कापतायत!"

बाउक्ये घरी गेली आणि घेवड्याच्या काठ्या घेऊन आली. मास्तरांनी एक ट्रॅक्टरच्या पुढे रोवली, एक मागे.

नर येऊन कुंपणाच्या खांबावर बसला आणि ओरडू लागला. खांबाशी उभा राहून वोब्बेही ओरडत होता. दोघांच्या बायका गप्प होत्या.