सोपानतात्यांची जांभळी ट्यूब

सोपानतात्यांकडे शर्ट शिवायला गेलं की माप घेण्याआधी ते दुकानाचं दार लावून घेत. आत मिट्ट काळोख व्हायचा. मग खट्ट आवाज यायचा, एक जांभळी ट्यूब दोन-तीनदा फडफडून लागायची आणि तात्या गिऱ्हाइकाभोवती एक प्रदक्षिणा घालून निकाल सांगायचे, "सदरा मेलेला हाय. पर दात जित्ते हायेत."

मुठा गावच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून आलो ते बेलबॉटमचे दिवस होते. पहिल्यांदा माप द्यायला गेलो तेव्हा माझ्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता. ट्यूब लागली. तात्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी दिसतच न्हाई." मग दार उघडून त्यांनी मुकाट्याने माप घेतलं. माणूस जरा सटकलेला आहे, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

खरी हकिगत मला हळूहळू कळली. तरुणपणी तात्यांनी पुण्यात एका जादूगाराचा खेळ पाहिला होता. काळोखात माणूस दिसेना, नुसते सांगाडे जांभळ्या ट्यूबच्या उजेडात चमकत होते आणि ठेक्यात नाचत होते. तो नाच आपल्या गावात करायचा, एवढाच ध्यास या माणसाने आयुष्यभर धरला. ट्यूब त्यांना अलीकडेच मिळाली होती. पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या चार बेलबॉटम त्यांनी शिवून दिल्या आणि बदल्यात त्याची जुनी ट्यूब मागून घेतली. तिची दोन्ही टोकं तेव्हाच काळवंडली होती. पुढे तो ऑर्केस्ट्रावालाही कुठे गेला ते कळलं नाही. म्हणजे ट्यूब एवढी एकच, आणि तीही शेवटच्या घटका मोजणारी. ती विझायच्या आत तिच्या उजेडात चमकणारं, तात्यांच्या भाषेत 'जित्तं', कापड सापडायला हवं होतं.

कापड मात्र काही केल्या सापडेना. तात्यांनी आधी कोरं मांजरपाट आणलं, ते काळोखात विरून गेलं. मग त्यांना वाटलं, पांढऱ्याला पांढरं करते ती नीळ, तेव्हा नीळच कमी पडत असणार. त्यांनी दुप्पट नीळ घातली, मग चौपट. त्याच घमेल्यात सरपंचांचं शिवायला आलेलं धोतर कसं गेलं ते देव जाणे, पण पुढचे दोन महिने सरपंच आभाळ नेसल्यासारखे गावात फिरत होते. ट्यूबखाली ते धोतर आणखीच काळं दिसलं. कुणीतरी काजवे चिरडून कापडाला फासायची युक्ती सांगितली, तर तात्या त्याच्या अंगावर धावून गेले. "जीव मारून नाच कसला करायचा रं?"

एकदा तर त्यांनी मला शाळेतून धावत बोलावून नेलं. दार लावलं, ट्यूब लावली. कोपऱ्यात एक विंचू हिरवागार चमकत होता. मी टेबलावर चढलो. तात्या मात्र त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले होते. "बघा गुरुजी! ह्या किड्याला देवानं असलं कापड शिवलं, आन आमी जातीचे शिंपी, आमाला मिळंना!" त्यांच्या आवाजात खरोखरीचं दुःख होतं. मला टेबलावरूनही ते जाणवलं.

यश आलं ते माझ्या आईमुळे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पुण्याहून परतलो, तो तिने धुतलेला पांढरा टेरिलीनचा शर्ट घालून. सहज दुकानात डोकावलो, सवयीप्रमाणे दार लागलं, ट्यूब लागली आणि तात्या दोन पावलं मागे सरले. माझा शर्ट नुसता पेटला होता. त्यांनी हात जोडले. "गुरुजी, ह्यो काढा." काढला. बनियनवर बसलेल्या मास्तराला त्यांनी तासभर प्रश्न विचारले: साबण कुठला, पाणी कुठलं, वाळत कुठं घातला. शेवटी मला आठवलं की आई शेवटच्या पाण्यात कपडे पांढरे करायची कसलीशी पावडर टाकते. नीळ आमच्या घरी केव्हाच बंद झाली होती. पुढच्या शनिवारी मी पावडरीचा डबाच घेऊन आलो. तात्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला.

शाळेच्या संमेलनात नाच ठरला. तात्यांनी गावभरातून फाटक्या छत्र्या गोळा केल्या, त्यांच्या काळ्या कापडाचे नऊ पोशाख शिवले आणि पावडरीत भिजवलेल्या पट्ट्यांची हाडं त्यांवर टाचली. विज्ञानाचं पुस्तक मी दिलं होतं, पण तात्यांनी त्यात सुधारणा केल्या. प्रत्येक सांगाड्याला कॉलर होती आणि डाव्या बरगडीवर खिसा. "तात्या, सांगाड्याला खिसा?" मी विचारलं. "मग? बिनखिशाचं काम माझ्या हातनं जायाचं न्हाई," ते म्हणाले.

संध्याकाळी विजेचा भरवसा नसे, म्हणून कार्यक्रम दुपारीच ठेवला. खिडक्यांना धनगरवाड्यातून आणलेली घोंगडी लावली. मेंढरांच्या वासाने अर्धं गाव शिंकत होतं. तात्या ट्यूबजवळ उभे होते आणि दर मिनिटाला तिच्या काळ्या टोकांकडे बघत होते. मला विचारत होते, "टिकंल ना, गुरुजी?" एवढा भ्यालेला माणूस मी क्वचित पाहिला आहे.

ट्यूब लागली. नऊ सांगाडे नाचायला लागले आणि लोक टाळ्या पिटायला लागले. इतक्यात पुढे बसलेली एक म्हातारी किंचाळली. झालं होतं असं की बाजूला उभा राहून नाचाच्या खुणा देत होतो मी, आणि घातला होता नेमका तोच शर्ट. सांगाड्यांना कुणी भ्यालं नाही, पण हातात कागद घेतलेला बिनमुंडक्याचा शर्ट पाहून पहिल्या दोन रांगा उठून पळाल्या. "आवो, आपलं मास्तर हायेत ते!" तात्या ओरडले आणि मग जो हशा उसळला तो थांबेना. पोरं नाचतच होती. शेवटचा ठेका संपता संपता ट्यूब फडफडली आणि विझली. सगळ्यांना वाटलं, हेही ठरलेलंच. काळोखात कितीतरी वेळ टाळ्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार सताड उघडं होतं. तात्या मशीनसमोर नुसतेच बसले होते.

"मी पुण्यात दुसरी ट्यूब शोधतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. नाच झाला. मंडळीला शबूद दिल्याला, त्यो पुरा झाला."

तात्यांना बायको होती हे मला माहीतच नव्हतं. जादूचा तो खेळ दोघांनी मिळून पाहिला होता, लग्नानंतर महिन्याभराने. ती इतकी हसली होती की मागच्यांनी हटकलं. येताना एसटीत म्हणाली होती, आपल्या गावात असं दाखवा की एकदा. दुसऱ्या वर्षी बाळंतपणात ती गेली.

तात्यांनी फळीवरून एक जुना पांढरा सदरा काढला आणि पाठीची बाजू वर करून टेबलावर पसरला.

"हळदीच्या दिशीचा हाय. हळद लावता लावता तिनं भरला हात मागनं पाठीवर मारला आन पळाली. ठसा ऱ्हाईल ह्ये मला कुटं म्हाईत? मी धुऊन टाकला. ट्यूब आनल्यावर घरातली समदी पांढरी कापडं तिच्याखालनं काढली, त्यात ह्यो बी. आन गुरुजी, हात दिसला. पिवळा. पाची बोटं. रोज दुपारी दार लावून बघायचो."

"मग ट्यूब शाळेला का दिलीत, तात्या? ती जाणार हे तुम्हाला माहीत होतं."

"तिनं नाच मागितला हुता. हात मी मागितला."

मी सदऱ्यावर वाकून पाहिलं. भर उजेडात ते नुसतं पांढरं, विटलेलं कापड होतं, डाग म्हणून नव्हता. तात्यांनी तर्जनी टेकवली आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. "हितं अंगठा. ह्यो तळवा. हितं करंगळी, जराशी वाकडी हुती तिची."

मला काहीच दिसत नव्हतं. पण त्यांचं बोट कुठेही अडलं नाही.