त्र्यंबकरावांची बारावी शाल

"एक टाचणी जरी कोपरला मागे राहिली, तर माझं नाव त्र्यंबक मेहेंदळे नाही!"

असं त्र्यंबकराव भर स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले आणि सगळ्या स्टाफने माना डोलावल्या. सगळा स्टाफ म्हणजे चार प्राध्यापक, प्राचार्य रेव्हरंड सीताराम पाटोळे, झाडलोट आणि चहा ह्या दोन्ही खात्यांच्या प्रमुख शेवंतीबाई, आणि खुद्द हेडक्लार्क त्र्यंबकराव. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मानेसकट सात माना.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरला, एका बैठ्या बंगल्यात ही सेमिनरी साठ वर्षं चर्चसाठी पाळक घडवत होती. एकेकाळी नव्वद विद्यार्थी होते. आता एकतीस उरलेले. तेव्हा विश्वस्तांनी ठरवलं की ठाण्याला घोडबंदर रोडवर जे नवं ख्रिस्ती विद्यापीठ झालंय, त्यात विलीन व्हायचं आणि तिकडेच राहायला जायचं. सातवा मजला, धर्मशास्त्र विभाग, दोन लिफ्ट.

त्र्यंबकराव स्वतः ख्रिस्ती नव्हते. सकाळी घरी देवपूजा आणि दहा वाजता सेमिनरीतली उपासना, असा त्यांचा सत्तावीस वर्षांचा क्रम होता. शेवटी देव कुठल्या बाजूचा का निघेना, आपली हजेरी लागलेली असावी, हे हेडक्लार्कचं तत्त्व!

सोसायटीत ते विलीनीकरण समजावून सांगत. "हे लग्नासारखंच आहे हो. मुलगी वाढली कोपरला, आता सासरी निघाली घोडबंदरला."

"आणि तुम्ही कोण ह्यात?" वरच्या मजल्यावरच्या नाडगौडांनी विचारलं. "रुखवत?"

त्र्यंबकराव हसले. हसण्यासारखं काही नव्हतं हे त्यांना तीन आठवड्यांनी कळलं.

सामानाची बांधाबांध त्यांनी खरोखरच दृष्ट लागावी अशी केली. हिब्रूचे शब्दकोश निळ्या खोक्यांत, ग्रीकचे पिवळ्या, प्रवचनांच्या वह्या हिरव्या. पेटीच्या एकेका सुराला कापूस. आणि सगळं बांधून झाल्यावर ते रेव्हरंडांना म्हणाले, "सर, निरोप समारंभ केल्याशिवाय निघायचं नाही."

"पण निरोप कोणाला? आपण सगळेच तर निघालोय."

"वास्तूला!"

रेव्हरंडांनी खोलीभर नजर फिरवली. गेला महिनाभर ते ह्या खोलीतून त्या खोलीत नुसते फिरत होते, भिंतींना हात लावत. "करा," ते म्हणाले.

अकरा जणांचा सत्कार ठरला. जुने प्राध्यापक, बंगल्याचे वायरमन, आणि टंचाईच्या वर्षी आपल्या विहिरीचं पाणी देणाऱ्या शेजारच्या हौसाबाई. विद्यापीठाकडून पाहुण्या म्हणून मनुष्यबळ विभागाच्या कल्पिता मॅडम येणार होत्या, त्याही यादीत. दुकानदार म्हणाला, अकरा शालींवर बारावी फुकट. त्र्यंबकरावांनी आयुष्यात फुकट काही सोडलं नव्हतं. नारळही मग बारा घेतले, शालीला एकटं वाटू नये म्हणून.

समारंभ उत्तम झाला. अकरा शाली अकरा खांद्यांवर गेल्या, आणि टेबलावर एक शाल, एक नारळ तसाच राहिला. आपल्याकडे तयार असलेली शाल परत पिशवीत घालायची पद्धत नाही. सगळे त्या शालीकडे बघत राहिले.

मागून शेवंतीबाई ओरडल्या, "मेहेंदळेसायबांना घाला की ती! त्येंनी बी जलम काढलाय हितं!"

टाळ्या! त्र्यंबकराव "छे छे, नको नको" म्हणत उठले, आणि शाल घालणाऱ्याला सोयीचं पडेल इतपत वाकलेही. रेव्हरंडांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि हात हातात घेऊन बराच वेळ सोडलाच नाही. मग कोणीतरी माइक पुढे केला.

माइकसमोर त्र्यंबकरावांचे डोळे भरून आले. "सत्तावीस वर्षं ह्या दारातून आलो. उद्यापासून ह्या दारात येणं नाही. कळत नकळत कोणाला दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी."

शब्द शंभर टक्के खरे होते. दार कोपरचंच होतं! पण विचार करा. अंगावर शाल, हातात नारळ, डोळ्यांत पाणी आणि तोंडी 'क्षमा करावी'. अख्ख्या महाराष्ट्रात एवढं सगळं झाल्यावर "उद्या दहाला या हं" असं आजवर कोणी कोणाला म्हटलंय? शिवाय त्र्यंबकरावांचं वय चोपन्न असलं तरी डोकं चाळिशीतच कापसाच्या बोंडासारखं पांढरं झालेलं. पहिल्या रांगेतल्या कल्पिता मॅडमनी रुमालाने डोळे टिपले आणि फोटो काढला.

संध्याकाळी तो फोटो विद्यापीठाच्या ग्रुपवर होता. "श्री. मेहेंदळे ह्यांना निवृत्त जीवनाच्या हार्दिक शुभेच्छा." तिथून तो नातेवाइकांत आला, नातेवाइकांतून सोसायटीत. सकाळी नाडगौडा गुलाब घेऊन दारात.

"अभिनंदन! सुटलात!"

"अहो, मी निवृत्त नाही झालो!"

नाडगौडांनी खांद्यावर हात ठेवला. "सुरुवातीला असंच वाटतं. मलाही दोन महिने पटत नव्हतं."

"तसं नाही हो, ती शाल उरलेली होती!"

"हो, हो. तुम्ही आधी बसा. पाणी घ्या."

जितकं जोरात नाकारावं, तितकी लोकांची करुणा वाढत गेली. मेहुण्याने अष्टविनायक यात्रेत दोन जागा धरल्या. ज्येष्ठ नागरिक संघाचा छापील अर्ज आला, त्यावर 'छंद' ह्या रकान्यापुढे पाच ओळी. नाडगौडांनी सोसायटीत सांगून टाकलं की मेहेंदळ्यांनी मनाला लावून घेतलंय, त्यांना एकटं सोडू नका. मग रोज संध्याकाळी दोन माणसं पत्ते घेऊन येऊ लागली.

"तू तरी सांग ना लोकांना!" त्र्यंबकराव बायकोवर, हेमाताईंवर, खेकसले.

"मला माहितीये हो तुम्ही निवृत्त नाही ते," हेमाताई शांतपणे म्हणाल्या. "पण आता लोक म्हणतायत तर तेवढं दळण घेऊन या."

सामान हलवायचा दिवस उजाडला. ट्रक घोडबंदर रोडवर तीन तास एकाच जाहिरातीच्या फलकासमोर उभा होता. त्र्यंबकराव ड्रायव्हरशेजारी, मांडीवर सेमिनरीच्या घंटेचं खोकं. विद्यापीठाच्या गेटवर वॉचमनने यादी काढली. चार प्राध्यापक, आले. प्राचार्य, आले. एकतीस विद्यार्थी, आले. शेवंतीबाईंना तर गळ्यात घालायचं फोटोवालं कार्ड मिळालं आणि त्या ते उलटंसुलटं करून बघू लागल्या.

"मेहेंदळे," त्र्यंबकराव म्हणाले.

वॉचमनने बोट वरून खाली नेलं, खालून वर आणलं. "नाम नहीं है, अंकल. व्हिजिटर में लिखो."

टाचणीसुद्धा आली होती हो! टाचण्यांचे तीन डबे, पांढऱ्या खोक्यात, यादीत क्रमांक दोनशे चार. त्र्यंबकरावांनी वहीत नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, 'कोणाला भेटायचं आहे'. ते पेन हातात धरून उभे राहिले. मागे रांग लागली. शेवटी त्यांनी 'सामानाला' असं लिहिलं.

दिवसभर गळ्यात 'पाहुणा' असा बिल्ला घालून त्यांनी सातव्या मजल्यावर खोकी उघडून घेतली. दुपारी ते कल्पिता मॅडमसमोर जाऊन बसले. मॅडम वर्तकनगरच्या, वय बत्तीस, अत्यंत सालस. म्हणूनच त्यांच्याशी भांडताही येईना.

"सर, तुम्ही? काही विसरलं का इथे?"

"मी कामावर आलोय."

"पण तुमचा सेंड-ऑफ झाला ना! मी स्वतः आलेले. मी रडलेले, सर!"

"ती शाल उरली होती, मॅडम."

"शाल कशी काय उरते?"

"अकरावर एक फुकट होती."

कल्पिता मॅडमनी त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. "सर, एक सांगू? माझे बाबा पण रिटायर झाल्यावर आठवडाभर डबा घेऊन निघायचे."

"मॅडम, मी चोपन्न वर्षांचा आहे!"

मॅडमनी कॉम्प्युटरवर जन्मतारीख बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा! पण सर, तुम्ही चाललात म्हणून आम्ही ती पोस्ट बंद केली. ठराव झालाय. 'संस्था त्यांच्या सेवेची कृतज्ञतापूर्वक नोंद घेते.' आता विभागाला तुम्ही हवेच आहात असं प्राचार्यांचं पत्र आणा. परवा मीटिंग आहे, मी मांडते. पत्र मात्र स्ट्राँग हवं."

रेव्हरंडांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "माझ्यामुळे झालं हो हे! मीच पांघरली. तुम्ही लिहा पत्र, मी सही करतो."

कारण गेली एकोणीस वर्षं रेव्हरंडांची सगळी पत्रं त्र्यंबकरावच लिहीत आले होते. ते बसले. शेकडो विद्यार्थ्यांना त्यांनी शिफारसपत्रं दिली होती, चहा निवायच्या आत. आज 'सदर इसम' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. ह्या इसमाने काय केलं होतं? पत्रं लिहिली, ती दुसऱ्याच्या नावाने. दारं उघडली, दारं लावली. शिकवलं काही नाही, घडवलं कोणाला नाही. एकतीस जणांचे एकतीस पाळक होतील, गावोगाव जातील, ह्या इसमाचं कोणाला काय आठवेल? तासाभराने कागदावर एकच ओळ होती. 'सदर इसमाची वर्तणूक समाधानकारक आहे.'

रेव्हरंडांनी ती वाचली, कागद चुरगळला आणि म्हणाले, "द्या ते पेन इकडे."

दुसऱ्या दिवशी कल्पिता मॅडमचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सर, पत्र मिळालं. दोन पानं आहेत. पण हे मराठीच आहे ना? की हिब्रू?"

रेव्हरंडांचं अक्षर! मुंग्या शाईतून चालत जाऊन कागदावर मेल्या असाव्यात, असं. ते लागायचं फक्त त्र्यंबकरावांना. मग आपल्याच शिफारशीचं पत्र आपणच वाचून दाखवायला त्र्यंबकराव पुन्हा घोडबंदरला गेले. पुन्हा वही, पुन्हा 'पाहुणा'.

"'श्री. मेहेंदळे हट्टी आहेत,'" त्यांनी सुरुवात केली आणि चष्मा पुसला. "'कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघतात आणि बसस्टॉपवरून परत येऊन चौथ्यांदा. बढाया मारतात. मीटिंगमध्ये माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.'"

"असं लिहिलंय?" मॅडम चकित.

"असंच आहे." त्र्यंबकरावांचे कान लाल झाले. "'माझी पत्नी आजारी होती तेव्हा पाच महिने मी जवळजवळ कामावर नव्हतो. सेमिनरी त्यांनी चालवली, आणि ते कोणालाही कळू दिलं नाही. विश्वस्तांनाही नाही. मला तर नाहीच, कारण मी आभार मानले असते. ते आमच्या मंडळीतले नाहीत. पण उपासनेला ते रोज शेवटच्या बाकावर असतात. हजेरीपट काढून पाहिला. एकोणीस वर्षांत माझ्या गैरहजेऱ्या त्यांच्याहून जास्त आहेत.'"

इथे त्र्यंबकराव थांबले. खिडकीबाहेर काहीही नव्हतं, तरी तिकडे बघितलं. मग शेवटची ओळ वाचून त्यांनी कागद खाली ठेवला.

कल्पिता मॅडम उठल्या. मग त्यांनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. "सर, हा तुमच्या रेव्हरंडांनी पाठवलेला नवीन अभ्यासक्रम. तीन आठवडे झाले. इथल्या बारा लोकांना दाखवला. एकाला पण लागत नाही."

त्र्यंबकरावांनी गठ्ठा ओढला आणि वर्तमानपत्र वाचावं तसा खडाखडा वाचत सुटले. चौथ्या पानावर मॅडम म्हणाल्या, "बस, सर, बस! मीटिंगची वाट न बघता ठराव मी आजच फिरवून घेते. सोमवारपासून या. आणि प्लीज, कोणी काही पांघरायला लागलं तर पांघरून घेऊ नका."

बाहेर व्हरांड्यात रेव्हरंड उभे होते. सातव्या मजल्यावर आल्यापासून ते असेच कुठेतरी उभे असत. हात लावायला भिंत शोधायचे, आणि इथे जिकडेतिकडे काच.

"झालं?"

"झालं, सर. सोमवारपासून."

"देवाची कृपा!" रेव्हरंडांनी त्यांचा हात धरला. "पत्र नीट लागलं ना?"

त्र्यंबकराव घुटमळले. "लागलं. म्हणजे, शेवटची ओळ सोडून. ती काही केल्या लागली नाही, सर. मॅडम समोर बसलेल्या, थांबता येईना."

"मग?"

"मग मनाने वाचली. सर, काय लिहिलं होतंत तुम्ही?"

रेव्हरंडांनी त्यांच्या हातातला कागद घेतला. जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला, उजेडाकडे वळवून पाहिला.

"नाही बुवा लागत," ते म्हणाले. "तुम्ही काय वाचलंत?"

"'त्यांना खिडकीजवळची जागा द्यावी.'"

"हं. तसंच लिहिलं असणार मी." रेव्हरंडांनी मान डोलावली. मग इकडेतिकडे बघून त्यांनी तो कागद पुन्हा त्र्यंबकरावांच्या हातात दिला आणि आवाज खाली आणला.

"मेहेंदळे, परत एकदा जाऊन वाचून दाखवा की मॅडमना. माझ्याबद्दलही असेल त्यात एखादी ओळ, भिंतीजवळच्या जागेची."